सिंह पहुडलेली अत्तरदाणी : तुतनखामुनच्या थडग्यातले कोरीव दगडी भांडे

शिल्पजा

गिझाच्या भव्य इजिप्शियन संग्रहालयात इजिप्तचा तरुण राजा तुतनखामुन याच्या थडग्यातला सगळा ऐवज आता एकत्र मांडला आहे. सोन्याच्या मुखवट्यापाशी गर्दी असते, दगडी भांड्यांसमोर मात्र फार कोणी थांबत नाही. हा धागा त्यांपैकी एका भांड्यासाठी आहे. थडगे शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या यादीतला त्याचा क्रमांक २११.

उंची साधारण २७ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या पितळी तांब्याहून बरेच उंच. मधला भाग सरळ नळकांड्यासारखा. झाकणावर सिंह पहुडलेला. पुढचे पंजे एकमेकांवर, मान वळवलेली, जीभ बाहेर. ही जीभ हस्तिदंताची असून लाल रंगवलेली आहे. सिंहाच्या अंगावर राजाचे नाव कोरले आहे. भांड्याच्या दोन बाजूंना दोन खांब आणि त्यांवर बेस देवाची मुंडकी. बेस हा ठेंगणा, दाढीवाला घरगुती देव. बाळंतीण, झोप आणि साजशृंगार यांची राखण त्याच्याकडे, म्हणून सुगंधाच्या भांड्यावर तो सारखा भेटतो. तळाशी आडव्या दांड्यांच्या टोकांना चार कैद्यांची डोकी आहेत, काही लाल दगडाची, काही काळ्या. इजिप्तच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे शत्रू ते हेच. राजाच्या सुगंधाचा भार त्यांच्या डोक्यावर.

नळकांड्यावर शिकारीची दृश्ये आहेत : सिंहाने धरलेला बैल, कुत्र्यांनी गाठलेली हरणे. ही उठावाची नक्षी नाही. रेषा दगडात खोल घेऊन त्यांत रंग भरला आहे. फोटोत हा फरक कळत नाही. प्रत्यक्षात दिवा तिरका पडला की रेषेची कड सावली धरते आणि रंग कुठे निघून गेलाय तेही दिसते.

आता सापडण्याची जागा. थडगे ४ नोव्हेंबर १९२२ ला हाती लागले, दफनाची खोली १६ फेब्रुवारी १९२३ ला उघडली. त्या खोलीत एकात एक असे चार सोनेरी देव्हारे होते. सर्वांत बाहेरच्या देव्हाऱ्याला अडसर होता, पण मोहोर नव्हती. दुसऱ्याची मोहोर शाबूत होती. आपले भांडे या दोन देव्हाऱ्यांच्या मधल्या जागेत होते. त्याच्याशेजारी क्रमांक २१०, साधारण ७० सेंटीमीटर उंचीची जाळीदार अत्तरदाणी. तिच्या दोन बाजूंना नाईलच्या पुराचे देव हापी उभे आहेत आणि कमळ व पपायरसचे देठ सुरईच्या गळ्याभोवती बांधताहेत. वरचा आणि खालचा इजिप्त एकत्र बांधल्याचे ते चिन्ह.

माझे म्हणणे एवढेच की या भांड्याकडे बाहेरून पाहून भागत नाही. ते आतून कसे पोखरले आणि आत काय भरले होते, हे कळले की बाहेरची नक्षीही वेगळी दिसू लागते. दगड, कोरणी, लेप, जतन, ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा.

---

चुनखडी

दगडापासून सुरुवात करतो, कारण मराठी लेखांत इथेच घोळ होतो. बहुतेक ठिकाणी 'संगमरवरी भांडे' असे छापलेले असते. हा संगमरवर नव्हे, अलाबास्टर आहे. संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिक झालेला चुनखडक. इजिप्तचा अलाबास्टर पाण्यातून साचतो. चुना विरघळलेले पाणी भेगांतून आणि गुहांतून झिरपते, थरावर थर बसतो, म्हणून दगडात दुधी आणि मधाळ रंगांचे पट्टे पडतात. गुहेच्या छताला लोंबणारे चुन्याचे खांब ज्या रीतीने होतात, तीच रीत. मूळ खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

दुसरा अलाबास्टर जिप्समचा, म्हणजे पाणी धरून असलेल्या कॅल्शियम सल्फेटचा. युरोपातल्या मध्ययुगीन मूर्ती बहुधा याच्या असतात. नाव एक, दगड दोन. ओळखायचे कसे :

कठीणपणाच्या मोजपट्टीवर जिप्सम २, कॅल्साइट ३. नखाचा कठीणपणा अडीचच्या आसपास. म्हणजे जिप्समवर नखाने ओरखडा उमटतो, कॅल्साइटवर नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब कॅल्साइटवर फसफसतो, जिप्समवर गप्प बसतो. आणि वजन : कॅल्साइटची घनता २.७, जिप्समची २.३, त्यामुळे एकाच आकाराचे दोन तुकडे तळहातांवर घेतले तरी फरक जाणवतो. आम्ल आणि नख या परीक्षा बाजारातल्या तुकड्यासाठी आहेत, संग्रहालयातल्या वस्तूसाठी नाहीत.

सर्वांत नावाजलेली खाण हातनुब, मध्य इजिप्तमध्ये अमार्नाच्या आग्नेयेला, वाळवंटात. तिथे २०१८ मध्ये एक तीव्र उताराचा मार्ग उजेडात आला. दोन्ही अंगांना पायऱ्या आणि खांब रोवायची भोके. दोर खांबांना गुंडाळून धोंडे वर ओढत असणार. काळ गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाचा, म्हणजे तुतनखामुनच्याही बारा शतके आधीचा.

---

टाकीहातोडा

आता पोखरण्याकडे येतो. भांडे दगडाचे आहे म्हटले की लोकांना छिन्नी आठवते. आतली पोकळी छिन्नीने होत नाही. छिन्नीचा घाव बाहेरच्या बाजूला चालतो, कारण तिथे दगडाला सुटायला जागा असते. आत घाव घातला तर दणका भिंतीवर जातो आणि भिंत फुटते. आत फक्त घासायचे, वाळूने.

इजिप्तच्या भित्तिचित्रांत हे काम करणारे कारागीर स्पष्ट दिसतात. त्यांचे हत्यार असे : एक सरळ लाकडी दांडा, वरच्या टोकाला वाकडी मूठ, मुठीखाली दोन्ही बाजूंना बांधलेले धोंडे. धोंड्यांचे वजन दाब देते, हात फक्त फिरवतात. तेही पूर्ण फेरा नाही. मनगट इकडे वळवायचे, परत तिकडे. खालच्या टोकाला कामाप्रमाणे दोन वेगवेगळी पाती लागत.

पहिले, तांब्याची नळी. नळीच्या तोंडाशी वाळू सोडायची. तांबे मऊ असल्याने वाळूचे कण त्यात रुततात आणि तेच दगड कापतात. वाळू क्वार्ट्झची, कठीणपणा ७, समोर दगड ३. नळी खाली उतरते तशी मध्ये दगडाची कांडी उभी राहते. ती कडेला पाचर देऊन मोडायची. नळी खोल जाताना बाहेरून झिजते आणि कांडीलाही वाळू घासते, त्यामुळे भोक तळाकडे निमुळते होते आणि कांडी वर बारीक राहते. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने अशा कांड्या गोळा केल्या होत्या, आणि त्यांवरच्या गोल चरांवरून मोठा वाद झाला. पेट्रीला वाटे की नळीत कठीण रत्ने बसवली होती. प्राचीन हत्यारे पुन्हा बनवून पाहणाऱ्या डेनिस स्टॉक्सने पुढे तांब्याच्या नळ्या आणि सुटी वाळू घेऊन प्रत्यक्ष भोके पाडली आणि सुट्या वाळूने हे काम होते हे दाखवून दिले.

दुसरे पाते दगडाचे, इंग्रजी आठच्या आकाराचे. म्हणजे लांबट दगड, कमरेला दोन्हीकडून खाच. दांड्याचे खालचे टोक दुबेळक्याचे असते, ते या खाचांत बसते. नळीने सरळ भोक पडले की हे पाते आत घालून पोट रुंद करायचे. तोंड अरुंद असेल तर पाते उभे सोडायचे आणि आत गेल्यावर आडवे करायचे. आधी आखूड, मग त्याहून लांब, मग त्याहून लांब. प्रत्येक पाते भिंतीवर आपली वर्तुळे सोडते.

त्या दांड्याचे चित्र ही चित्रलिपीतली एक खूण आहे आणि कला-कारागिरी या अर्थाचा शब्द तिने लिहिला जातो. सगळ्या हुन्नरांसाठी त्यांनी दगडी भांडे पोखरणाऱ्याचे हत्यार निवडले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

---

दर्शक

टाकीहातोडा, दोन शंका. वाळू ओली वापरायची की कोरडी? आणि आधी आत पोखरायचे की बाहेरची नक्षी करायची?

---

टाकीहातोडा

वाळू कोरडी. पाणी घातले की दगडाची पिठी आणि वाळू यांचा चिखल होतो आणि तो खोल भोकातून वर काढणे जिकिरीचे. कोरडी पिठी नळीत दाबून बसते आणि नळी वर खेचली की तिच्यासोबत बाहेर येते. या पिठीत वाळू, दगड आणि तांब्याची धूळ असते. स्टॉक्सचे म्हणणे असे की निळ्या-हिरव्या चकचकीत फायन्सच्या मण्यांसाठी हीच पिठी वापरली असावी. ही धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो, म्हणून आज कोणी प्रयोग करणार असेल तर चांगल्या प्रतीचा धूळरोधक मुखवटा लावून आणि उघड्यावरच करावा.

क्रमाचे असे. साध्या भांड्याचा बाहेरचा घाट आधी करतात, मग आत पोखरतात. भित्तिचित्रांतही घाट झालेल्या भांड्यात दांडा फिरवताना दाखवला आहे. कारण असे की पोकळ भांड्यावर बाहेरून ठोकणे धोक्याचे आणि भरीव भांड्यावर बिनधोक. पण २१० सारख्या जाळीदार कामात हे उलटते. हापीचे हात आणि कमळाचे देठ पातळ आहेत. दांडा फिरवताना भांडे घट्ट धरावे लागते, त्या पकडीत आणि थरथरीत देठ पहिले तुटतील. त्यामुळे शहाणा कारागीर बाहेर जाडजूड गाभा ठेवून आधी पोट मोकळे करील आणि जाळी शेवटी, तीही वाळूने आणि बारीक दगडाने घासत.

काय बिघडते ते सांगतो. कॅल्साइट तीन दिशांना सपाट चिरतो. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटबरोबर कॅल्साइटचे स्फटिक मिळतात. त्यातला एक फोडून पाहा, तुकडेही तिरप्या चौकटीचेच पडतील. भांड्याच्या दगडात हे स्फटिक एकमेकांत अडकलेले असतात म्हणून तो टिकतो, पण दोन पट्ट्यांच्या सांध्यावर ही अडकण कमी असते. दांडा एका बाजूला कलला की त्या सांध्यावर भिंत पातळ होते आणि तडा जातो. दुसरी जागा तोंडाची कड. पाते बाहेर काढताना कडेला लागले की टवका उडतो, म्हणून तोंडाची कड शेवटपर्यंत जाड ठेवायची. आणि लांब मान, रुंद खांदे असा घाट असेल तर खांद्याखालची जागा पात्याच्या आवाक्यात येतच नाही. अशी भांडी दोन भागांत करून मान नंतर चिकटवत. क्ष-किरणात तो सांधा दिसतो.

---

गंधवती

शिल्पजा, 'अत्तरदाणी' या शब्दावर थोडे लिहिते. शब्द चुकला असे नाही, पण त्याने चित्र चुकीचे उभे राहते. आपले अत्तर म्हणजे फुलांचा अर्क भट्टीवर वाफेने काढून चंदनाच्या तेलात उतरवलेला. तुतनखामुनच्या काळी सुगंध चरबीत किंवा तेलात मुरवलेला असे. तो फायाने कानात ठेवायचा नाही, अंगाला चोळायचा. म्हणून २११ चे तोंड रुंद आणि अंग सरळ आहे. बोटे आत गेली पाहिजेत. पातळ तेलाची भांडी वेगळी, त्यांना लांब मान आणि अरुंद तोंड, म्हणजे धार सावकाश पडते आणि हवा कमी लागते. २१० ची मान तशी आहे. भांड्याचे तोंड पाहून आत मलम की तेल, याचा अंदाज बांधता येतो.

चरबी का, तर ती गंध धरून ठेवते. जौनपूर-गाजीपूरकडे चमेलीच्या फुलांचे आणि तिळाचे थर एकावर एक लावून तिळात वास उतरवतात आणि मग ते तीळ घाण्यात घालतात. तत्त्व तेच : स्निग्ध पदार्थ वास पितो.

तेलांमध्ये मानाचे स्थान दोन झाडांना. एक बलनोस. त्याचा मेळ बालानायटिसशी लावतात, म्हणजे आपल्या हिंगणबेटाचा सख्खा भाऊ. दुसरे इजिप्तमधला शेवगा, आपल्या शेवग्याच्याच कुळातला. शेवग्याच्या बियांचे तेल लवकर खवट होत नाही आणि त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाही, त्यामुळे घातलेला गंध तसाच राहतो. मेंडेस हे नाईलच्या मुखाजवळचे शहर. तिथला लेप ग्रीक-रोमन जगात गाजला. डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने दिलेल्या त्याच्या कृतीत बलनोसचे तेल, हिराबोळ, दालचिनीच्या जातीची साल आणि राळ आहे. एडफूच्या देवळात तर एका खोलीच्या भिंतींवर सुगंधी लेपांच्या कृती कोरून ठेवल्या आहेत, पण त्या टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातल्या, आपल्या भांड्याहून हजारभर वर्षांनी नंतरच्या. त्या तुतनखामुनच्या माथी मारू नयेत.

दगडच का, याचे उत्तर थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले आहे : दगड थंड आणि घट्ट, तो वास बाहेर जाऊ देत नाही आणि काही आतही घेत नाही. गंधी लोक सावलीतली, उन्हाकडे तोंड नसलेली खोली शोधतात, असेही तो लिहितो. रोमन लेखक प्लिनीचे मतही हेच की सुगंध अलाबास्टरमध्ये सर्वांत चांगले टिकतात. मातीचे कच्चे भांडे तेल पिते, तांब्याचे भांडे तेलाला हिरवे करते. झिलई केलेला दगड दोन्ही करत नाही, आणि जाड भिंतीमुळे आतले मलम दुपारीही घट्ट राहते.

---

रसायनी

गंधवतींनी जिथे सोडले तिथून पुढे.

या थडग्यातल्या अलाबास्टर भांड्यातल्या लेपाचे पृथक्करण १९२६ मध्ये चॅपमन आणि प्लेंडरलीथ यांनी प्रसिद्ध केले. निष्कर्ष : सुमारे ९० टक्के प्राण्याची चरबी, सुमारे १० टक्के राळ किंवा बाल्सम. नमुना चिकट, पिवळट गाठी आणि चॉकलेटी रंगाचा भाग मिसळलेला. सुमारे ३३०० वर्षांनंतरही त्याला वास होता आणि त्यांना तो काहीसा खोबरेल तेलासारखा वाटला. कोणी म्हणेल की इजिप्तमध्ये नारळ होता. नव्हता. चरबी जुनी होताना तुटते आणि त्यातून आखूड साखळीची आम्ले निघतात, तशीच आम्ले खोबरेलाच्या वासात असतात. म्हणजे तो वास राजाने लावलेला सुगंध नव्हे, तो वय झालेल्या चरबीचा वास. यावरून 'फॅरोचे परफ्यूम' म्हणून बाटल्या विकणाऱ्यांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येईल.

हॅरॉल्ड प्लेंडरलीथ पुढे ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि रोमच्या आंतरराष्ट्रीय जतन केंद्राचे पहिले संचालकही. जतनशास्त्राच्या पायाभरणीत हा लेपही आहे असे म्हणायला हरकत नाही.

आजच्या पद्धतीने काय दिसते : वायू-वर्णलेखनाला (मिश्रणातले घटक वेगळे करणे) वस्तुमान-वर्णपटाची (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणे) जोड देऊन काही मिलिग्रॅम नमुना पुरतो. पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल भरपूर आणि दोन्ही सारख्याच तोलाची असतील तर प्राण्याच्या चरबीकडे बोट जाते. पामिटिक खूप आणि सोबत अझेलेइक आम्ल असेल तर वनस्पती तेलाचा संशय. कुंदरूची, म्हणजे धुपाच्या राळेची, खूण बॉसवेलिक आम्ले. पिस्त्याच्या कुळातल्या राळेची मॅस्टिकाडिएनोनिक आणि मोरोनिक. पाइन-देवदारच्या राळेची डीहायड्रोॲबिएटिक. नुसत्या 'रेझिन आहे' या उत्तरावर समाधान मानू नये, झाड कोणते हे विचारावे.

आणि एक गोष्ट, जी भांडे पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही. दगड या लेपाशी पूर्ण तटस्थ नाही. चरबीतून सुटणारी स्निग्ध आम्ले कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावतात आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो. आतल्या भिंतीवर पांढरट-पिवळा, न विरघळणारा थर बसतो. म्हणजे भांडे लेपाला जपते आणि लेप भांड्याला किंचित खातो. हाच साबण गंधाचे रेणू अडकवून ठेवतो, म्हणून रिकामे दिसणारे भांडेही पुरावा असते.

---

शिल्पजा

रसायनी, हा साबणाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पूर्वी कित्येक ठिकाणी अशी भांडी 'स्वच्छ' करून मांडली गेली, आणि आत होता तो सारा मजकूर पाण्यासोबत गेला.

एक भर झाकणाबद्दल. २११ चे झाकण उचलायचे नसते. ते एका खुंटीभोवती बाजूला फिरते. समोर दोन मुठी आहेत, एक झाकणावर, एक अंगावर. दोघींभोवती दोरा आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा आणि वर मातीची मोहोर ठोकायची. दोरा न तोडता झाकण फिरत नाही. घरातल्या नोकराने बोटभर मलम उचलले तरी कळावे, अशी ही सोय. त्या काळच्या लहान लाकडी-हस्तिदंती डब्यांनाही हीच रचना आढळते.

---

नाणेघाट

मोहोर का लागत असे, याचे उत्तर याच थडग्यात आहे. दफनानंतर थोड्याच काळात चोर दोनदा शिरले. बाजूच्या खोलीत मोठी दगडी भांडी होती, एकूण शेकडो लिटर तेल आणि लेप मावेल इतकी. चोरांनी भांडी नेली नाहीत, ती जड. त्यांनी आतला माल चामड्याच्या पिशव्यांत काढून नेला असे कार्टरचे अनुमान, आणि उतरत्या वाटेच्या भरावात चामड्याच्या पखाली सापडल्याही. एका भांड्याच्या आतल्या लेपावर चोराच्या बोटांचे ओरखडे अजून होते. सोने वितळवून लपवता येते, पण हा माल सोन्याइतकाच चटकन विकला जाई आणि त्याच्यावर कोणाचे नाव नसे.

आता आपल्याकडचा धागा. तो तुतनखामुनशी जोडू नये, त्याच्यानंतर तेराशे वर्षांनी तो सुरू होतो. इसवीच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या ग्रंथात भडोचच्या बंदरात राजासाठी येणाऱ्या मालात उत्तम प्रतीचे सुगंधी लेप सांगितले आहेत. उलट दिशेने जाणाऱ्या मालात जटामांसी. हीच ती 'नार्ड', जिच्या तेलाने भरलेली अलाबास्टरची कुपी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात येते. किंमत तीनशे दिनारांहून जास्त, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिमालयातली मुळी, भूमध्य समुद्राकाठची दगडी कुपी. त्याच ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर येते. पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड गाड्यांनी भडोचला जात.

---

दर्शक

लक्झरमधल्या दुकानांत 'हाताने कोरलेले अलाबास्टर' म्हणून भांडी मिळतात. जुन्या तंत्राशी त्यांचे काही नाते उरले आहे का? आणि कोणी जुने म्हणून विकायला आणले तर काय पाहायचे?

---

टाकीहातोडा

नाते आहे. नाईलच्या पश्चिम काठावरच्या कुर्ना भागात अजून हाताने पोखरतात. दगड ठोकून घाट देतात, मग बाहेरून कापडी पट्ट्या चिकटवून घट्ट गुंडाळतात, जेणेकरून आत पोखरताना भिंत तडकली तरी उकलू नये. मग मेण लावून चमक आणतात. भांडे हातात घेऊन प्रकाशाकडे धरा. हाताचे काम असेल तर भिंत कुठे जाड कुठे पातळ दिसते, यंत्राचे असेल तर उजेड सगळीकडे सारखा. दुकानात हिरवट किंवा गडद तपकिरी रंगाचे गुळगुळीत भांडे अलाबास्टर म्हणून दाखवले तर आधी आम्लाचा थेंब मागा.

जुने-नवे ओळखायला आतली बाजू पाहायची. वाळूच्या दांड्याने पडलेले चर समान अंतरावर नसतात, कधी दाट कधी विरळ, आणि एकमेकांना किंचित छेदतात, कारण हात मागेपुढे फिरतो. लेथवर फिरलेल्या पात्याचा चर एकच असतो, मळसूत्रासारखा न तुटता तळापर्यंत जाणारा. तळाशी मध्यभागी नळीच्या कांडीचा मोडलेला बुंधा किंवा गोल खळगा असेल तर तो चांगला पुरावा. मात्र भांडे जुने ठरले तरी ते विकत घेणे योग्य ठरत नाही. कोणाच्या मालकीचे, कधी देशाबाहेर आले, याची कागदपत्रे नसतील तर हात लावू नये. १९८३ पासून इजिप्तमध्ये पुराणवस्तूंचा व्यापारच कायद्याने बंद आहे.

---

चुनखडी

जतनाचे चार शब्द. घरात कोणाकडे अलाबास्टरची साधी वाटी असेल तरी हे लागू आहे.

चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर यांपैकी काहीही लावायचे नाही. तांब्या-पितळेला चिंच लावायची आपली सवय इथे घात करते. आम्ल कॅल्साइटची झिलई काही सेकंदांत खाते आणि ती परत येत नाही. कोरडा मऊ कुंचला, फार तर ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित ओलावलेला कापूस, तोही आधी न दिसणाऱ्या जागी. जिप्सम असेल तर पाणीही नको, तो लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमहून जास्त विरघळतो.

लाकडी किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका. त्यातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटते आणि चुन्याच्या वस्तूंवर पांढरे केसाळ क्षार उगवतात. शंख-शिंपल्यांच्या संग्रहांत हा त्रास नेहमीचा. धातूचे किंवा काचेचे कपाट बरे.

आत लेप असेल तर उष्णता सर्वांत मोठा शत्रू. आत दिवा ठेवून दगड उजळवायचा मोह होतो, फोटोलाही ते देखणे दिसते. पण चरबी मऊ पडून भिंतीवरून ओघळली की ती मूळ थराशी मिसळते आणि कोणता थर आधीचा हे कधीच सांगता येत नाही. बाहेरून थंड प्रकाश, थोडा वेळ, एवढेच.

---

रसायनी

नमुना घेणाऱ्यांसाठी जोडतो. हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले. प्लास्टिकची डबी नाही, भट्टीत तापवून घेतलेली काचेची कुपी. पृथक्करणात स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल एकत्र आले तर आधी माणसाच्या बोटाचा विचार करा, प्राचीन चरबीचा नंतर. थॅलेट आले तर ती प्लास्टिकची पिशवी बोलते आहे. भांड्याजवळच्या मातीचा आणि बाहेरच्या भिंतीचा नमुनाही सोबत घ्यायचा, नाहीतर आतले काय आणि बाहेरून आलेले काय हे वेगळे करता येत नाही. जुन्या खोदकामांत भांड्यांवर पॅराफिन मेण ओतायची चाल होती. कार्टरच्या गटानेही ते भरपूर वापरले. त्यामुळे सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनचा सलग डोंगर दिसला तर मधमाशीचे मेण म्हणून लिहून टाकू नका. मधमाशीच्या मेणात एस्टर असतात, पॅराफिनमध्ये नसतात.

आणि भांडे सीलबंद असेल तर ते उघडायची गरज उरलेली नाही. तोरिनोच्या इजिप्शियन संग्रहालयात खा आणि मेरित या दांपत्याच्या थडग्यातला ऐवज आहे. एर्नेस्तो स्किआपारेल्लीला तो १९०६ मध्ये देर अल-मदिनात सापडला, आणि त्यातली कित्येक भांडी तेव्हापासून उघडलेलीच नाहीत. तिथे भांडी काही दिवस निष्क्रिय प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवली आणि पिशवीत जमलेल्या हवेतले बाष्पशील रेणू थेट मोजले. २०२२ मध्ये ते निष्कर्ष आले : काही भांड्यांतून मधमाशीच्या मेणाच्या खुणा, काहींतून सुक्या मासळीच्या, काहींतून फळांच्या. न उघडलेली अलाबास्टरची भांडीही त्या दालनात आहेत. मोहोर तशीच, दोरा तसाच, आणि वास बाहेर येतोच आहे.

---

गंधवती

म्हणजे थिओफ्रास्टसच्या 'घट्ट' दगडालाही फटी आहेत.

---

रसायनी

दगडाला कमी, तोंडाला जास्त. झाकण आणि कड यांच्यामध्ये कापड आणि माती असते. गळती तिथून होते. २११ चे झाकण फिरते असल्याने त्याच्या खुंटीच्या भोकाशीही थोडी वाट असणार. लेपाचा पृष्ठभाग तिथे जास्त काळा पडला आहे का, हे मोजायला हवे. तुकडा न काढता, नुसत्या रंगमापकानेही ते जमेल.